दारं कोण धरत होतं?

(परभणीतल्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय दिलाय ‘रहस्यकादंबरी कशी घडते’. तो मी सांगणारच आहे. पण आधी एक विचारतो. रात्रीच्या लाईटवर दारं धरायला कोण कोण गेलंय? हात वर करा. अर्धं सभागृह! मागच्या वर्षी एका मोठ्या शहरात हेच बोलत होतो, तर दारं म्हणजे घराची दारं नव्हेत, वाफ्यात पाणी सोडायची मातीतली तोंडं, हे सांगण्यात दहा मिनिटं गेली होती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणतात ते मला आज पटलं. इथं मी थेट प्रेतापासून सुरुवात करू शकतो.

प्रेत आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आहे, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला. ज्याच्यावर संशय आहे तो म्हणतो, ‘मी रात्रभर गव्हाला पाणी देत होतो.’ त्याची साक्षही पक्की आहे. अकराला लाईट आली. साडेअकराला शेजारी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून गेला, तेव्हा हा खोरं घेऊन वाफ्यात उभा होता. दोघं तंबाखू मळत बोललेसुद्धा. पुढं सकाळी लाईट जाईपर्यंत मोटर चालू होती, ती सगळ्या शिवारानं ऐकली. इंग्रजी रहस्यकथांनी आगगाडीच्या वेळापत्रकावर किती गुन्हे उभे केले! आपल्याकडं गाडीचं काय घेऊन बसता? आपलं वेळापत्रक लाईटचं. तीन फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. अख्खा गाव त्यावर झोपतो आणि उठतो. कोण कधी कुठं असेल, हे डीपीवरून, म्हणजे शिवारातल्या विजेच्या रोहित्रावरून कळतं. माझी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे.

आता तुम्हीच सांगा, मोटर चालू होती म्हणजे माणूस तिथं होता का? (सभागृहातून ‘नाही, नाही’.) नाही ना! मोटर नुसतं पाणी उपसते. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी दुसऱ्यात घ्यायला माणूस लागतो. माणूस नसेल तर भरलेला वाफाच भरत राहतो, शेवटी धुरा फुटतो आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं.

मी भाच्याच्या शेतात तीन रात्री घड्याळ घेऊन बसलो होतो. अंगावर घोंगडी, पाय काळ्या चिखलात. आपली काळी माती पायाला अशी धरते की पाऊल उचलताना चप्पल तिथंच राहते. बॅटरीच्या उजेडात पाणी वाफ्यातून सरकताना पाहिलंय का नीट? पुढं फेसाची एक बारीक कड असते, वाळलेलं काडीकुडं घेऊन चालते. भेग आली की पाणी थांबतं, आधी भेग पिते, मग पुढं जातं. त्या वाफ्यांना, त्या मोटरला, एकेका वाफ्याला साधारण पंचवीस मिनिटं लागत होती. तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आलं की हे घड्याळ आहे. तीन वाफे नीट भरलेत आणि चौथा फुटलाय, तर माणूस तिथं पंचाहत्तर मिनिटं होता. अकराला लाईट आली, म्हणजे सव्वाबाराला तो निघून गेला. डॉक्टरला इतकी नेमकी वेळ सांगता येत नाही. मृत्यूनंतरची ताठरता किती टिकते, याचा उत्तर भारतासाठीचा आपल्याकडच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतला आकडा थंडीत २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास असा आहे. एवढ्या मोठ्या फटीतून कोणताही आरोपी सुटेल. वाफ्यातून सुटत नाही.

पण खुनी शेतकरी आहे, त्यालाही हे कळतं. तो सकाळीच धुरा बांधून घेतो आणि पुढच्या रात्री उरलेले वाफे भिजवतो. मग पुरावा राहिला कुठं? शेजाऱ्याच्या हरभऱ्यात! हरभऱ्याला पाणी जास्त झालं की तो उभळतो, पिवळा पडतो. शेजारी सकाळीच भांडायला येतो, ‘तुझे तीन वाफे भिजले, चौथा फुटला, पुढं सगळं कोरडं, आणि माझा हरभरा बुडाला!’ गावात खून झालाय आणि हा हरभऱ्याचं रडतोय, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पोलीस हाकलून देतात. वाचकही हसून पुढं जातो. सगळा उलगडा त्या एका वाक्यात आहे आणि ते चौथ्या प्रकरणात उघड्यावर पडलंय.

आता माझं दुखणं सांगतो.

छापताना ते भांडण काढून टाकलं गेलं. प्रकाशकाचं नाव घेत नाही. संपादकांनी शेरा मारला होता, ‘दीड पान शेतीची वर्णनं, खुनाशी संबंध नाही.’ दिवाळीत मुद्रितं आली. ऱ्हस्व-दीर्घ तपासले, पण गाळलेलं पान नजरेला पडलं नाही. पुस्तक बाजारात गेलं. शेवटच्या प्रकरणात माझा फौजदार पिवळ्या हरभऱ्यापाशी उभा राहून तीन वाफ्यांचा हिशेब मांडतो, आणि वाचकाला त्या वाफ्यांचा पत्ताच नाही. जिंतूर तालुक्यातून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. म्हणाले, ‘सर, पुस्तक आवडलं. पण वाफे आधी कुठं सांगितलेत? मी दोनदा मागं जाऊन पाहिलं.’ दोनदा! सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्यावर विश्वास ठेवून दोनदा मागं गेला आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला. सदस्य होताना शपथ घ्यावी लागे, त्यात वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपवणार नाही असं वचन होतं. ही शपथ मी मनापासून मानतो. माझ्या पुस्तकात ती मोडली गेली. दुसऱ्या आवृत्तीत भांडण परत घातलं, पण पहिली आवृत्ती ज्यांनी विकत घेतली त्यांचं देणं माझ्यावर आहे. इथं कोणाकडं ती असेल तर नंतर भेटा, ते दीड पान छापून आणलंय, देतो.

शेतीचं वर्णन म्हणजे भरताड, ही समजूत मला खरोखर लागते. शहरातल्या कथेत कोणी जिन्यावरचा दिवा मोजला की त्याला सूक्ष्म निरीक्षण म्हणतात. आमच्याकडं वाफे मोजले की ते गावाकडचं वर्णन! आपल्या लोकांना जे रोजचं म्हणून दिसेनासं झालंय, त्यातच दुवा ठेवायचा. मला एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी—

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे मूळ विषय आता पळवावा लागेल.

तर प्रक्रिया. मी आधी खुनाची रात्र खुन्याच्या बाजूनं मिनिटामिनिटानं लिहून काढतो. ते छापायचं नसतं. मग वहीत तीन रकाने, काय घडलं, कोणी पाहिलं, वाचकाला कुठल्या पानावर कळलं. तिसरा रकाना रिकामा राहिला की प्रकरण परत लिहायचं. हस्तलिखित मी आधी शेतकऱ्याला वाचून दाखवतो, साहित्यिकाला नंतर. पहिल्या खर्ड्यात खून गहू फुलोऱ्यात असताना, म्हणजे साठ-पासष्ट दिवसांचा असताना होता. भाचा म्हणाला, ‘मामा, तेव्हा गहू कमरेला लागतो. धुऱ्यावरून तीन वाफे भिजल्याचं कसं दिसंल?’ बरोबर होतं. मग खून मुकुटमुळं फुटायच्या पाण्यावर आणला, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांवर. पेरणी १५ नोव्हेंबरची, म्हणून खून ६ डिसेंबरच्या रात्री. तारीख बदलली तशी चंद्राची तिथी बदलली, पात्रांच्या अंगावरचे कपडे बदलले, आणि ऊसतोडीला गेलेली दोन माणसं संशयितांतून गेली. महिनाभराचं काम वाढलं. मला ते आनंदाचं वाटलं.

कायदा तपासा. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालंय. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं जागेवर जावं अशी तरतूद आहे. म्हणजे आता बेफिकीर फौजदारावर कथा टेकवता येणार नाही. नव्या पुस्तकात चित्रीकरणात मागं भांडणारा शेजारी दिसतो, आवाज बंद असतो. त्याचे हात तीन बोटं दाखवतात, मग चौथं.

लातूर-धाराशिवकडं येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला अख्खं गाव शेतात जातं आणि गल्ल्या ओस पडतात, त्यावरही बोलायचं होतं. राहिलं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना आज रात्रीचं भिजवायला जायचंय त्यांनी आधी विचारा. पावणेदहा झालेत.