वाट पाडणाऱ्याची जमीन

अमेरिकेतल्या मिसुरी नदीपासून थोड्या अंतरावर, फेम ओसाज ओढ्याच्या खोऱ्यात, चुनखडीच्या जाड भिंतींचे एक घर आजही उभे आहे. घर नेथन बून याचे. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी, म्हणजे डॅनिएल बूनने, शेवटचे दिवस इथे काढले. डॅनिएलने आपली शवपेटी हयातीतच करवून ठेवली होती. चेरीच्या लाकडाची ती पेटी तो अधूनमधून बाहेर काढून घासूनपुसून चकचकीत करत असे, असे घरची माणसे पुढे सांगत. हजारो कुटुंबांना नव्या जमिनीची वाट दाखवणाऱ्या या माणसाच्या मालकीची म्हणावी अशी जागा तेव्हा जवळपास एवढीच उरली होती.

बूनचा जन्म १७३४ सालचा, पेनसिल्व्हेनियातल्या एका क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या, कुटुंबातला. वडील विणकामही करत आणि लोहारकामही. पोराचे शिक्षण बेताचे झाले, पण गुरे राखता राखता बंदूक हातात आली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. पुढे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात गेले आणि १७५६ साली रिबेका ब्रायनशी त्याचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली. हिवाळ्याच्या तोंडावर घर सोडायचे, महिनोन्‌महिने रानात काढायचे आणि कातडी लादून परतायचे, हा बूनचा धंदा. मागे शेत, गुरे आणि पोरे सांभाळायची ती रिबेकाने. शेपटीवाल्या रॅकूनच्या टोपीतला बून आपण चित्रांत पाहतो, तो चित्रकारांचा. खरा बून साधी फेल्टची टोपी घालत असे.

१७६९ साली तो कंबरलंड खिंडीतून केंटकीत उतरला. ही खिंड त्याने शोधून काढली, असे आजही सांगितले जाते, ते खरे नाही. रानातले बायसन आणि त्यांच्या मागावरचे शिकारी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवत आले होते. पलीकडची भूमी शॉनी या मूळनिवासी जमातीच्या शिकारीची होती. १७६८च्या तहात दुसऱ्या मूळनिवासी गटाने, इरोक्वांनी, ती इंग्रजांना परस्पर देऊन टाकली आणि शॉनींना कोणी विचारलेसुद्धा नाही. त्यामुळे १७६९च्या डिसेंबरात शॉनींनी बूनला पकडले, साठवलेली कातडी काढून घेतली आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस अशी समज देऊन सोडून दिले, तेव्हा त्यांच्या हिशेबी त्यांनी एका चोराला सौम्य शिक्षा केली होती.

समज वाया गेली. १७७३ साली बूनने काही कुटुंबांसह पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा मागे राहिलेल्या तुकडीवर हल्ला होऊन त्याचा थोरला मुलगा जेम्स हालहाल होऊन मेला. त्याचे वय होते अवघे १६. दोन वर्षांनी रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीने चेरोकी जमातीच्या प्रमुखांशी जमिनीचा सौदा केला आणि बून सुमारे तीस कुऱ्हाडवाल्यांसह झाडे तोडत, वाट पाडत केंटकी नदीपर्यंत पोचला. तिथे उभी राहिलेली लाकडी गढी म्हणजे बून्सबरो.

या वस्तीत मांस मुबलक होते, पण ते टिकवायला लागणारे मीठ मात्र नव्हते. म्हणून जानेवारी १७७८मध्ये बून जवळपास तीस माणसे घेऊन ब्लू लिक्स इथल्या खाऱ्या झऱ्यांवर गेला. मोठमोठ्या कढयांत रात्रंदिवस पाणी आटवावे, तेव्हा कुठे तळाशी थोडे मीठ बसे. या माणसांसाठी बर्फात शिकारीला निघालेला बून शॉनींच्या हाती लागला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याच्यासोबत मोठी फौज होती आणि रोख बून्सबरोकडे होता. गढीत बायका-मुले आणि मोजकेच पुरुष. बूनने आपल्या माणसांना न लढता शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि वसंतात वस्तीही शरण येईल, असे ब्लॅकफिशला पटवले. ही चतुराई होती की फितुरी, यावर वस्तीत पुढे बरीच भांडणे झाली.

ब्लॅकफिशने त्याला दत्तक घेतले आणि शेल्टोवी, म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. तिथे तो रमलाही असावा. परंतु जूनमध्ये हल्ल्याची तयारी दिसताच तो निसटला आणि सुमारे १६० मैल चार दिवसांत कापून गढीवर आला. रिबेका त्याला मेला समजून मुलांसह माहेरच्या मुलखात परतली होती. एकटी विवाहित मुलगी जेमायमा मागे थांबली होती. सप्टेंबरात वेढा पडला. हल्लेखोरांनी नदीकाठापासून गढीच्या दिशेने भुयार खणले, ते पावसाने ढासळले आणि वेढा उठला. त्यानंतर बूनवर त्याच्याच सोबत्यांनी लष्करी खटला भरला. तो निर्दोष सुटला आणि वर बढतीही मिळाली, पण त्या प्रकरणाबद्दल तो पुढे फारसा बोलला नाही. १७८२ साली त्याच ब्लू लिक्सच्या लढाईत त्याचा मुलगा इझ्रायल त्याच्या डोळ्यांदेखत पडला.

बंदुकीतून वाचलेल्या बूनला कागदाने मारले. केंटकीला तेव्हा लागू असलेल्या व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार आधी जमिनीचे वॉरंट, म्हणजे ती घेण्याचा परवाना, घ्यायचा, मग जागेचे वर्णन सरकारी वहीत नोंदवायचे, मग मोजणी आणि सर्वांत शेवटी सनद. वर्णन म्हणजे काय, तर अमुक ओढ्याच्या वळणावर, नाव कोरलेल्या ओकच्या झाडापासून पुढे. झाड पडले किंवा कोणी पाडले की चतुःसीमा गेली. एकाच जागेवर कौलांसारखे एकावर एक दावे चढले आणि वकिलांची चंगळ झाली. बून स्वतः मोजणीदार होता, तरी आपल्या नोंदी पक्क्या करण्यात तो ढिला पडला. शिवाय विकलेल्या जमिनीची हमी तो स्वतः देत असे. दावा फसला की भरपाई त्याच्याच अंगावर येई. १७९८ साली साक्षीला हजर न राहिल्याबद्दल त्याच्यावर अटकेचे वॉरंट निघाले आणि त्याच वर्षी केंटकीने एका काउंटीला त्याचे नाव दिले.

पुढच्याच वर्षी तो मिसुरीत, स्पेनच्या मुलखात निघून गेला. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला सुमारे ८५० एकर जमीन आणि न्यायनिवाड्याचे पद दिले. १८०३ साली तो मुलूखच अमेरिकेने विकत घेतला, आणि कागद अपुरे म्हणून जमीन पुन्हा गेली. १८१४ साली अमेरिकन काँग्रेसने ती परत दिली, तेव्हा केंटकीतले जुने सावकार दारात येऊन उभे राहिले. त्यांची देणी फेडण्यासाठी बहुतेक जमीन विकावी लागली.

रिबेका १८१३ साली गेली होती. २६ सप्टेंबर १८२० रोजी, ८५ वर्षांचा बून नेथनच्या घरी वारला आणि त्याला तिच्याजवळ पुरण्यात आले. १८४५ साली केंटकीच्या लोकांनी दोघांच्या अस्थी उकरून केंटकीतल्या फ्रँकफर्टला नेल्या आणि नदीवरच्या टेकडीवर थाटात पुरल्या. मिसुरीचे लोक मात्र म्हणत राहिले की नेलेली हाडे बूनची नव्हेतच. मिसुरीतल्या मूळ दफनभूमीत गुलामांच्याही कबरी होत्या. पुनर्दफनापूर्वी कवटीचा प्लास्टरचा साचा घेतलेला होता. १९८३ साली एका तज्ज्ञाने तो तपासून ही कवटी कृष्णवर्णीय माणसाची असू शकते, असे मत दिले. इतरांनी साचा ओबडधोबड आहे, त्यावरून काही ठरत नाही, असे म्हटले. बूनच्या नावाच्या खुणेचे दगड आज दोन्ही राज्यांत उभे आहेत.