बाळंतिणीचा आडोसा

श्रोतेहो, नमस्कार. लेकराला अंगावरचेच दूध पाजायचे, असे गरोदरपणीच ठरवणाऱ्या बायका आपल्या मराठवाड्यात पुष्कळ आहेत. तरीही बाळंतपणानंतर पंधरवडा उलटण्याच्या आत त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी पावडरीचा डबा आणि बाटली येऊन बसते. आरोग्यसेविका म्हणून खेडोपाडी फिरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पाजण्याचा निर्धार आईचा असतो, पण तो टिकणार की मोडणार हे तिच्या भोवतीची माणसे ठरवतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, परंतु जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके 41.8 टक्केच होती. सिझेरियन झालेल्या आईला कुशीवर वळणेही अवघड जाते, बाळ दुसऱ्याच कुणाच्या तरी मांडीवर असते, आणि तेवढ्यात एखादी आत्या मधाचे बोट चाटवून मोकळी होते. मध तर वर्षाच्या आतील बाळाला देऊच नये. पुन्हा सांगते: मध नको, साखरपाणी नको, गुटी नको, पहिले सहा महिने साधे पाणीसुद्धा नको, मग बाहेर मे महिन्याचे ऊन का असेना.

आता एक प्रसंग सांगते. कळंब तालुक्यातील एका गावी एक पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली होती. घर जुने, माळवदाचे. तिची बाज ढाळजेला, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेला, लागून असलेल्या खोलीत टाकलेली होती, आणि त्या खोलीला चौकट होती, पण दार नव्हते. मी पोहोचले तेव्हा तिची आई चुलीपुढे अळिवाची खीर ढवळत होती. मला पाहताच ती म्हणाली, "बाई, समदं करून बघितलं. डिंकाचे लाडू झाले, शेपू झाली, बाजरीची भाकर झाली. पोरीला दूधच न्हाई. दिवस मावळला की लेकरू सारखं रडूलालंय." कोनाड्यात जावयाने तालुक्याहून आणलेला पावडरीचा डबा होता, त्याचे सील अजून फोडलेले नव्हते.

मी विचारले, "मावशी, आणि दुपारी?" त्यावर ती म्हणाली, "दुपारी पितंय की, झोपतंय बी." आईला दूधच नसते, तर ते दुपारी कुठून आले असते? म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. शेतावरची माणसे परतली, भावकीतले चारजण ढाळजेत येऊन टेकले, चहा फिरला. इकडे लेकीने खांद्यावरून पदर ओढून बाळाला जवळ घेतले, त्याने जेमतेम तोंड लावले, तोच कुणीतरी तांब्या मागायला चौकटीत येऊन उभे राहिले आणि तिने बाळ झटकन सोडवले. थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले. बाळ किंचाळू लागले, ढाळजेतून कुणीतरी "पोराला उपाशी मारता का?" असे ओरडले, आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. मी जवळ गेले तेव्हा ती एवढेच पुटपुटली, "काका समोर बसलेत की."

मी तिच्या आईला बाजूला घेऊन हे सांगत होते, ते तिच्या वडिलांच्या कानावर गेले असावे. ते काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली, दोघांनी मिळून बाज उचलली, मागच्या कणगीच्या खोलीत नेऊन टाकली आणि चौकटीला जुने लुगडे बांधले. त्या संध्याकाळी बाळ दोन्ही बाजूंना पोटभर प्याले. बारशाला गेले, तर कोनाड्यातल्या त्या न फोडलेल्या डब्यावर हळदीकुंकवाचा करंडा ठेवलेला होता, कारण दुकानदार डबा परत घ्यायला तयार झाला नव्हता.

संकोचाने आणि धास्तीने पान्हा आखडतो, आणि बाळ जितके ओढते तितकेच दूध तयार होते. म्हणून वरच्या दुधाची एक बाटली उद्याच्या अंगावरच्या दुधातून वजा होते, हे ध्यानात ठेवावे. जाता जाता एक बोलते: माळवदे पाडून आपण स्लॅबची घरे बांधतो, त्यात टीव्हीसाठी आख्खी भिंत राखून ठेवतो, पण बाळंतिणीला टेकायला एक शांत कोपरा ठेवण्याचे कुणाच्या नकाशात नसते.

जिथे घरच नाही, तिथली गोष्ट आणखी कठीण आहे. बीडकडची ऊसतोड करणारी आई मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी ओल्या अंगाने फडात उतरते आणि लेकरू कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, थोरल्या बहिणीपाशी राहते. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलेली 26 आठवड्यांची पगारी रजा कोयत्यापर्यंत पोहोचत नाही. तिला पाजण्याचे महत्त्व समजावणारे पुष्कळ भेटतात. पाजण्यापुरती सुट्टी देणारा मुकादम क्वचितच भेटतो.

दूध पुरते की नाही, याची खूण सोपी आहे. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पुन्हा सांगते, सहा किंवा अधिक वेळा. त्याहून कमी होत असेल, बाळ सुस्त पडत असेल किंवा ओढतच नसेल, तर आशाताईला बोलवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नमस्कार.