मोरेनचा कारखाना

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं गाव. त्याला लागूनच मोरेन. २००८ सालच्या २३ डिसेंबरला, नाताळ दोन दिवसांवर आला असताना, मोरेनमधल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. पूर्वी तिथे फ्रिज बनत, नंतर मोठ्या गाड्या बनू लागल्या. बापाच्या मागे मुलगा त्याच फाटकातून कामाला जायचा. अमेरिकेतले कारखाने चीनने बंद पाडले असं म्हटलं जातं, पण हा कारखाना काही चीनने बंद पाडला नव्हता. त्या वर्षी पेट्रोल भडकलं, मंदी आली, मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. चीन तिथे आला तो नंतर, आणि मालक म्हणून आला.

२०१४ मध्ये फुयाओ या चिनी कंपनीने ती रिकामी शेड घेतली. कंपनी मोटारीच्या काचा बनवते. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. दगड लागला तर काच तडकते, पण अंगावर उडत नाही. असा जड आणि नाजूक माल समुद्रापार पाठवणं महागात पडतं. ज्यांना काचा घालायच्या ते मोटारींचे कारखाने ओहायोच्या आसपासच आहेत. मग काच तिथेच बनवलेली बरी, असा तो हिशेब होता.

दोन हजारांच्या वर अमेरिकी माणसांना काम मिळालं. ही मोठी गोष्ट होती, ती कमी लेखू नये. पण जुन्या कारखान्यात तासाला पंचवीस-तीस डॉलर घेणाऱ्याला इथे सुरुवातीला बारा-तेरा डॉलर मिळू लागले. तेवढ्यात घराचा हप्ता भागत नाही. सुरक्षेच्या त्रुटींवरून २०१६ मध्ये सरकारी खात्याने सव्वादोन लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला. पुढच्या वर्षी युनियन हवी की नको यावर मतदान झालं. हवी म्हणणारे ४४४, नको म्हणणारे ८६८. एकदा फाटक बंद झालेलं ज्यांनी पाहिलं, ते हातातलं काम पणाला लावताना दहा वेळा विचार करणारच. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता त्याच शेडमधल्या चिनी कामगाराकडे बघू या. तो फुजियान प्रांतातल्या फुछिंगहून आलेला. बायको-मुलं मागे ठेवून ओहायोत भट्टीपाशी उभा आहे, शेजारच्या अमेरिकी माणसाला काम शिकवतो आहे. कंपनीचे मालक त्साओ देवांग लहानपणी गरिबीमुळे शाळा सोडलेले. पाण्याच्या मीटरच्या काचा बनवणाऱ्या गावातल्या छोट्या कारखान्यापासून ते इथवर आले. त्यांची जिद्द खरीच. पण चीनची प्रगती असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात तो भट्टीपाशी उभा असलेला माणूस कितीसा असतो?

चीनमध्येही कारखाने बंद पडले, आणि तेही मोरेनच्या आधी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी उद्योगांनी कोट्यवधी कामगारांना घरी बसवलं. शेनयांगसारख्या अवजड यंत्रांच्या शहरात घरं, दवाखाने, शाळा, सगळं कारखान्याचंच असे. नोकरी गेली तसं तेही गेलं. त्याच काळात खेड्यातली तरुण मुलं-मुली दक्षिणेकडे, शेन्झेन आणि दोंगग्वानच्या कारखान्यांत लोटली. आज अशा स्थलांतरित कामगारांची संख्या तीस कोटींच्या घरात आहे. तिथे माणसाची नोंद त्याच्या मूळ गावी असते, तिला हुकोउ म्हणतात. शहरात वर्षानुवर्षं राबूनही मुलाला तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळवणं अवघड. म्हणून मुलं गावी, आजी-आजोबांकडे. आई-बाबा भेटतात ते बहुतेक चिनी नववर्षाच्या सुट्टीत.

२००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार, १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे अमेरिकेत वीस ते चोवीस लाख नोकऱ्या गेल्या. त्या देशभर सारख्या गेल्या असत्या तर एवढा घाव बसला नसता. पण फर्निचर, कापड, खेळणी बनवणाऱ्या ठरावीक गावांवर तो घाव बसला. स्वस्त मालाचा फायदा थोडा-थोडा सगळ्यांना झाला, तोटा मात्र मूठभर गावांच्या माथी ढिगाने आला. ज्यांना भरघोस नफा झाला, त्यांनी त्यातला वाटा या गावांना द्यायला हवा होता. तो दिला गेला नाही. माझा राग आहे तो इथे. व्यापारावर नाही.

आणि श्रोतेहो, ही गोष्ट ओहायोतच राहत नाही. जनरल मोटर्सने मोरेन बंद केलं त्याच २००८ मध्ये, काही महिने आधी, आपल्या पुणे जिल्ह्यात तळेगावला नवा कारखाना सुरू केला होता. २०२० च्या जानेवारीत तो ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकायचं ठरलं. एप्रिलमध्ये भारत सरकारने शेजारी देशांच्या गुंतवणुकीचे नियम कडक केले, मग गलवान घडलं, आणि परवानगी काही मिळाली नाही. २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं, २०२२ मध्ये तो व्यवहारही मोडला. शेवटी कोरियाच्या ह्युंदाईने कारखाना घेतला. अमेरिकी मालक, चिनी गिऱ्हाईक, दिल्लीचा निर्णय, कोरियाचा करार. या सगळ्या वर्षांत हजाराहून जास्त मराठी कुटुंबं कोर्टाच्या तारखा मोजत होती. नव्या मालकाने आम्हाला कामावर घ्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. कारखाना विकताना जमीन आणि यंत्रं कोणाच्या हवाली करायची हे करारात लिहिलं जातं. तिथे राबलेल्या माणसांचं काय, हेही त्याच करारात, त्याच दिवशी लिहिलं गेलं पाहिजे. मोरेनमध्ये, शेनयांगमध्ये आणि तळेगावमध्येही.

नमस्कार.