राहत्या जागेची विद्या

[दृश्य: सिमेलू बेटाचं उत्तर टोक. किनाऱ्याला चिकटून घरं, घरांच्या पाठीशी लगेच डोंगराचा चढ.]

२६ डिसेंबर २००४. सकाळचे आठ वाजत आले होते. इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिमेला, समुद्राचा तळ हलला. भूकंपाची तीव्रता होती ९.१. त्याच्या सगळ्यात जवळ असलेल्या वस्त्यांमध्ये सिमेलू बेटावरच्या वस्त्या होत्या. बेटाच्या उत्तर टोकाला लांगी नावाचं गाव आहे. तिथं लाट पोचायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दहा ते पंधरा मीटर उंच पाणी गावात घुसलं आणि गाव धुऊन गेलं. गावात आठशेच्या आसपास माणसं राहत होती. ती सगळी वाचली.

पूर्ण बेटाची लोकसंख्या तेव्हा ७८ हजारांच्या घरात होती. त्यातली सात माणसं दगावली.

हिंदी महासागरात त्या वेळी त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा नव्हती. आणि असती, तरी लांगीसाठी ती वेळेत धावून आली असती असं म्हणवत नाही. यंत्रांनी भूकंप नोंदवायचा, कचेरीत कुणीतरी आकडे बघायचे, खात्री करायची, मग निरोप सुटायचा आणि तो बेटाच्या टोकापर्यंत पोचायचा. एवढं व्हायला दहा मिनिटं फार थोडी. लांगीच्या लोकांनी निरोपाची वाट पाहिली नाही. जमीन जोरात हलली, मग समुद्र मागं सरला, आणि ‘स्मोंग! स्मोंग!’ अशी हाकाटी सुरू झाली. लोक डोंगराच्या वाटेला लागले.

[दृश्य: घराच्या ओट्यावर बसलेली आजी आणि भोवती मुलं. आजी गुणगुणते आहे.]

स्मोंग म्हणजे हीच लाट. १९०७ साली ती या बेटावर आली होती आणि तिनं असंख्य माणसं नेली होती. जी वाचली त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलं, त्या पिढीनं तिच्या पुढच्या पिढीला. मुलं झोपताना सांगायच्या गोष्टींत स्मोंग आली. नांदोंग म्हणतात त्या गाण्यांतही आली. सांगणं अगदी मोजकं होतं: मोठा भूकंप होईल, त्यानंतर समुद्र ओसरेल, तेव्हा थांबू नका, उंच जागा गाठा. ९७ वर्षांनी लाट परत आली तेव्हा पहिली लाट पाहिलेलं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. पण काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता सुमात्राच्या मुख्य किनाऱ्याकडे, आचे प्रांताकडे बघू. तिथंही जमीन तशीच हलली आणि पाणी तसंच ओसरलं. उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडत होते, आणि ते गोळा करायला माणसं पुढं गेली. त्या दिवशी इंडोनेशियात मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली.

इथं घाईनं निवाडा करू नये असं मला मनापासून वाटतं. आचेची माणसं बेसावध नव्हती की अडाणी नव्हती. तीही समुद्रावरच जगणारी. संशोधकांनी त्या किनाऱ्यावरच्या वाळूचे थर खणून तपासले, तेव्हा याआधीची एवढी मोठी लाट तिथं सहाएकशे वर्षांपूर्वी येऊन गेल्याचं दिसलं. सिमेलूच्या आठवणीला शंभर वर्षांचा पल्ला गाठायचा होता, आचेच्या आठवणीला सहाशे वर्षांचा. सहाशे वर्षं कोणती आजी गोष्ट सांगत राहील? जागेनं शिकवावं लागतं, आणि तो धडा विसरायच्या आत कुणीतरी पुढं द्यावा लागतो. यातलं एक जरी राहिलं तरी विद्या तुटते.

आणखी एक. सिमेलूच्या गाण्यात समुद्र का ओसरतो हे नाही. भूगर्भात काय सरकतं, तेही नाही. काय दिसेल आणि मग काय करायचं, एवढंच आहे. ‘का’ माहीत नसताना ‘काय’ इतकं अचूक असू शकतं का? या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर जगाच्या दुसऱ्या टोकाला मिळालं.

[दृश्य: अँडीज पर्वतातलं पठार. पहाटेपूर्वीचं आकाश. कृत्तिकांचा पुंजका.]

पेरू आणि बोलिव्हियातल्या उंच पठारांवर बटाट्याचं पीक घेतात. लागवड केली आणि पाऊस लांबला तर सगळं पीक हातचं जातं. म्हणून तिथले शेतकरी जूनच्या मध्यापासून, २४ जूनच्या सणाच्या आसपास, पहाटेआधी डोंगरावर चढतात आणि कृत्तिका बघतात. तारे ठसठशीत आणि भरपूर दिसले तर पाऊस वेळेवर येणार. मिणमिणते दिसले, बारके तारे दिसेनासे झाले, तर पाऊस उशिरा आणि कमी येणार. मग लागवड काही आठवडे पुढं ढकलायची. आकाश बघायचं जूनमध्ये, आणि पावसाला सुरुवात ऑक्टोबरच्या सुमारास. मधे तीन-चार महिन्यांचं अंतर.

तारे पाहून पाऊस सांगतात म्हटल्यावर बरेच शिकलेले लोक मान फिरवतात. बेन ऑर्लव्ह या मानवशास्त्रज्ञानं ती फिरवली नाही. जॉन चियांग आणि मार्क केन या हवामानाच्या अभ्यासकांना त्यानं सोबत घेतलं. केन म्हणजे एल निनोचं, प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बिघडवणाऱ्या त्या घडामोडीचं, भाकीत संगणकावर पहिल्यांदा यशस्वीपणे मांडणाऱ्यांपैकी एक. तिघांनी उपग्रहाच्या नोंदी, पावसाचे आकडे आणि पिकाची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली आणि २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. एल निनोच्या वर्षी त्या भागात जूनमध्ये फार उंचावर अतिशय विरळ ढग पसरतात. नुसत्या डोळ्यांना ढग म्हणून ते दिसतही नाहीत, पण ताऱ्यांचा उजेड थोडा खातात. त्याच एल निनोमुळं पुढं तिथला पाऊस घटतो. थोडक्यात, शेतकरी बघत होते ती तारकांची कृपा-अवकृपा नव्हती. ते डोळ्यांना न दिसणारा ढग मोजत होते. त्यासाठी कृत्तिका हे उत्तम साधन, कारण त्या पुंजक्यात ठळक आणि फिके तारे जवळजवळ आहेत. आकाश किती स्वच्छ आहे ते कोणता तारा गळला यावरून लगेच कळतं.

ही पद्धत तिथं किमान चारशे वर्षं चालत आली आहे. चुकीचा अंदाज घेऊन लागवड करणाऱ्याला त्याची किंमत त्याच वर्षी मोजावी लागते. असं ज्ञान दरवर्षी परीक्षेला बसतं, त्यामुळं त्यात भोंगळपणा फार काळ टिकत नाही. याला कुणी केवळ श्रद्धा म्हणतं तेव्हा मला राग येतो.

[दृश्य: अंदमान समुद्र. मोकेन मुलं पाण्याखाली शिंपले वेचताना.]

काही विद्या गाण्यात राहते, काही नजरेत. आणि नजर हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा.

थायलंडच्या सुरिन बेटांजवळ मोकेन लोक राहतात. यांची मुलं चष्मा न लावता बुडी मारून तळाचे शिंपले, कवच्या वेचतात. आपण पाण्यात डोळे उघडले की सगळं धुरकट होतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हवेत प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम करतो. पाण्यात ते काम जवळपास थांबतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या ॲना गिस्लेन यांनी या मुलांची नजर पाण्याखाली तपासली. समोर बारीक पट्ट्यांचं चित्र धरायचं आणि पट्ट्या उभ्या की आडव्या ते मुलांनी सांगायचं. पट्ट्या बारीक करत नेल्या. तिथं सुट्टीला आलेल्या युरोपीय मुलांपेक्षा मोकेन मुलांना दुपटीहून अधिक स्पष्ट दिसत होतं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं.

कारण सापडलं डोळ्याच्या बाहुलीत. पाण्यात उजेड कमी, म्हणून इतरांची बाहुली मोठी होते. मोकेन मुलं पाण्यात ती उलट आकसतात, दोन मिलिमीटरच्याही किंचित आत, आणि डोळ्यातल्या भिंगाचाही आकार बदलतात. छिद्र बारीक झालं की चित्र ठसठशीत होतं.

हा वंशाचा गुण असेल असं कुणालाही पटकन वाटेल. गिस्लेन तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी स्वीडिश मुलांना पोहण्याच्या तलावात तसाच सराव दिला. महिनाभर सराव झाला, आणि काही महिन्यांनी लख्ख उन्हात पुन्हा तपासलं तेव्हा ती मुलंही तशीच पाहत होती. म्हणजे डोळा कुणाचाही असो, त्याला हे जमतं. मात्र त्याला ते करावंसं वाटेल असा समुद्र समोर हवा.

[दृश्य: लंडन. पावसात स्कूटरवर फिरणारा उमेदवार. हँडलला लावलेली पाटी, तिच्यावर रस्त्यांची यादी.]

हे सगळं बेटांवर आणि डोंगरांतच घडतं असं नाही. लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायची असेल तर ‘नॉलेज’ ही परीक्षा द्यावी लागते. ती १८६५ पासून सुरू आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ लागतात, आणि त्या रस्त्यांवरची इस्पितळं, नाट्यगृहं, पोलीस ठाणीसुद्धा. परीक्षक दोन ठिकाणं सांगतो. उमेदवारानं समोर नकाशा नसताना प्रत्येक वळण, प्रत्येक रस्त्याचं नाव क्रमानं बोलून दाखवायचं. तयारीला तीन-चार वर्षं सहज जातात. नकाशा घरी बसून पाठ होतो, पण बहुतेक जण दुचाकी काढून प्रत्येक वाट स्वतः तुडवतात.

एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वुलेट या मेंदूच्या अभ्यासकांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू तयारीच्या आधी तपासले, आणि त्यातल्या ५९ जणांचे नंतर पुन्हा. ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या मेंदूत जागेची आठवण ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. जे उत्तीर्ण झाले नाहीत, त्यांच्यात ही वाढ नव्हती. शहर माणसाच्या डोक्यात अक्षरशः जागा करून घेतं.

[दृश्य: मोझांबिकचा नियासा प्रदेश. झाडावर करड्या रंगाचा लहान पक्षी.]

शिकणारा दर वेळी माणूसच असतो असंही नाही. आफ्रिकेतला हनीगाइड हा पक्षी माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. माणसं धूर करून मध काढतात, पक्ष्याला मेण मिळतं. पाळलेला नव्हे, पूर्ण रानटी पक्षी. नियासातले याओ लोक त्याला बोलावताना ‘ब्र्रर्र’ असा लांब आवाज काढून शेवटी ‘हम्’ म्हणतात. टांझानियातले हाड्झा लोक शीळ घालतात. क्लेअर स्पॉटिसवूड आणि ब्रायन वुड या संशोधकांनी दोन्हीकडचे आवाज दोन्हीकडे वाजवून पाहिले. नियासातला पक्षी ‘ब्र्रर्र-हम्’ला जास्त साथ देतो, टांझानियातला शिळेला. आपल्या इलाख्यातल्या माणसांची हाक पक्ष्यानंही शिकून घेतली आहे.

[दृश्य: इग्लूलिक, उत्तर कॅनडा. सपाट पांढरं बर्फ. जमिनीलगत कॅमेरा.]

आणि जागाच बदलू लागली तर? 

इग्लूलिकच्या इनुइट शिकाऱ्यांना बर्फाच्या पांढऱ्या पसाऱ्यात वाट दिसते ती अशी: त्या भागातला वायव्येचा जोरदार वारा बर्फात जिभेच्या आकाराचे कडक उंचवटे घडवतो. त्यांना उकालुराइत म्हणतात. वारा ठरलेल्या दिशेचा, म्हणून जिभांची टोकंही ठरलेल्या दिशेला. वादळात काही दिसेनासं झालं तरी पायाखाली, स्लेजखाली त्यांचा कल कळतो, आणि त्यांना ठरावीक कोनात ओलांडत माणूस घरी पोचतो. वाटा दर उन्हाळ्यात बर्फाबरोबर वितळून जातात आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा उमटतात. मधल्या काळात त्या फक्त लोकांच्या डोक्यात असतात.

१९९०च्या दशकाच्या शेवटी तिथं जीपीएस पोचलं. धुक्यात आणि अंधारात त्यानं जीव वाचवले, हे वडीलधारेही मान्य करतात. पण जीपीएस सरळ रेष दाखवतं, आणि त्या रेषेवर बर्फ पातळ असू शकतो हे त्याला कळत नाही. बॅटरी थंडीनं गळाली की रेषही जाते. त्यात आता समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो. ज्या जागी आजोबा डोळे मिटून स्लेज नेत, तिथं नातवाला पाऊल टाकताना विचार करावा लागतो. आजोबा चुकलेले नाहीत, बर्फ बदललाय.

तिथल्या काही वस्त्यांनी यावर ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उचलून धरला आहे. स्नोमोबाइलच्या मागं ओढायच्या स्लेजवर बर्फाची जाडी मोजणारं यंत्र बसवतात आणि आकडे नकाशावर चढवून गावाला दाखवतात. यंत्र चालवणारी माणसं त्याच वस्तीतली, प्रशिक्षण घेतलेली. कुठल्या वाटेवर मोजायचं, प्रवाहामुळं बर्फ कुठं दगा देतो, हे आधी जुन्या शिकाऱ्यांना विचारून ठरतं, आणि मग यंत्र निघतं.