जनरल घरी येतो तेव्हा

(हनोईच्या वेशीवरचं घर. अंगणात कुत्री भुंकतायत.)

सत्तरीचा मेजर जनरल निवृत्त होऊन घरी येतो. सगळी हयात लष्करात गेली. मुलगा वाढला तो बापाच्या नावावर, सहवासात नाही. घरात प्रत्येकाला तो चार-चार मीटर लष्करी कापड वाटतो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. सून हसते. सगळ्यांनी तेच कापड घातलं तर घराची छावणी होईल, म्हणते.

व्हिएतनामी लेखक न्गुयेन हुई थिएप यांची ‘निवृत्त जनरल’ ही कथा १९८७ साली ‘वान न्घे’ या साहित्यिक साप्ताहिकात आली. व्हिएतनाम युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. आदल्याच डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाने ‘दोइ मोइ’, म्हणजे आर्थिक सुधारणांचं धोरण, जाहीर केलं होतं. बाजार, पैसा, नफा हे शब्द आता उघड बोलता येत होते.

(चुलीवर मोठं पातेलं. वाफ.)

सून डॉक्टर, प्रसूतिगृहात नोकरीला. गर्भपाताचे भ्रूण ती थर्मासमधून घरी आणते. ते शिजवून अल्सेशियन कुत्र्यांना, डुकरांना घालायचे. कुत्री विकून घरात पैसा येतो. एक दिवस जनरलला त्या पातेल्यात चिमुकली गुलाबी बोटं दिसतात. तो रडतो. थर्मास कुत्र्यांवर भिरकावतो. असली श्रीमंती नको मला!

आणि सून गड्याला विचारते: यंत्रातून बारीक का नाही केलंस? बाबांना कळू का दिलंस?

मला विचाराल, तर त्या पातेल्यापेक्षाही भिववतो तो कथा सांगणाऱ्या मुलाचा आवाज. तुटक वाक्यं, हिशेबाच्या वहीतल्यासारखी.

व्हिएतनामचीच दुसरी लेखिका, ले मिन्ह खुए, स्वतः युवा स्वयंसेविका म्हणून युद्धात होत्या. त्यांच्या १९७१च्या ‘दूरचे तारे’ कथेत तीन मुली रस्त्यावरचे न फुटलेले बॉम्ब उडवतात, खड्डे बुजवतात. अचानक गारा पडतात, वितळूनही जातात, आणि एकीला हनोईतली आई आठवते, घराची खिडकी आठवते. तिकडे मरणाच्या दारात घर आठवत होतं. थिएप यांचा जनरल त्याच घरी पोचतो, तर तिथे त्याच्यासाठी जागाच उरलेली नाही.

तो आपल्या जुन्या तुकडीकडे निघून जातो. घरी येते ती मृत्यूची तार.

(भिंतीलगत पूर्वजांचा चौथरा. गणवेशातल्या तरुणाचा फोटो.)

त्याला निदान तारीख मिळाली. दीड लाखाहून जास्त व्हिएतनामी सैनिकांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. कितीतरी घरांना तिथीच ठाऊक नाही. मग मुलगा घर सोडून गेला तो दिवस धरतात, आणि फोटोपुढे उदबत्ती लावून भाताचा वाडगा ठेवतात.