पास, फट आणि दात

(दृश्य : लोहाराची भट्टी. निखाऱ्यांत लोखंडी पट्टी तापते आहे.)

ट्रकच्या चाकावर वर्षानुवर्षं ओझं पेललेला हा कमानपाटा. भंगारातून तो मंगळवेढा भागातल्या या लोहारशाळेत आला आणि आता त्याची कोळप्याची पास होणार आहे. कोळपं म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधून बैलांनी ओढायचं, तण काढणारं अवजार, आणि पास म्हणजे त्याचं आडवं पातं. भात्याच्या जागी विजेचा पंखा आलाय, घण मात्र अजून हातातच आहे.

रंगाकडे लक्ष ठेवा. लालाचा नारिंगी झाला की पट्टी ऐरणीवर येते, काळपट व्हायला लागली की परत निखाऱ्यांत. घणाचे घाव एकाच बाजूने पडताहेत, कारण पासेला धार एकाच अंगाने काढायची असते. ती वरच्या बाजूने उतरती आणि खालून सपाट राहिली की पास जमिनीत सरळ सरकते, उचलली जात नाही.

आता पाणी द्यायचं. अख्खी पट्टी बुडवायची नाही, धारेकडची दोन बोटं तेवढी पाण्यात जातात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ लवचीक राहते. सगळीच कडक केली तर पहिल्याच दगडाला तुकडा उडेल, सगळीच मऊ ठेवली तर दुपारपर्यंत धार जाईल. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. इथल्या लोहारदादांच्या डोळ्यांत ते पक्कं बसलंय.

(दृश्य : ज्वारीचं शेत. सकाळ. खिलार जोडी, तोंडाला मुसकी.)

रब्बी ज्वारीचा हा पट्टा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते आणि मग पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतं. वरून पाणी येईलच याचा भरवसा नाही. जमीन काळी, खोल. ओली असते तेव्हा फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते.

म्हणून कोळपणी. पास वरचा दोन-तीन बोटांचा थर कापते आणि भुसभुशीत करून तिथेच सोडते. तण मुळाशी तुटतं, भेगा बुजतात आणि मोकळ्या मातीचा थर खालच्या ओलीवर पांघरला जातो. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं इथे म्हणतात. विहीर नसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून ते ऐकताना त्यातला प्रत्येक शब्द खरा वाटतो.

बैलांच्या पायांकडे बघा. पाऊल दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातच पडतंय. ज्वारीच्या ओळी 45 सेंटिमीटरवर, म्हणजे दीड फुटावर. दोन बैलांमधलं अंतर त्याच्या दुप्पट, तीन फूट. एक बैल पहिल्या पट्ट्यात, दुसरा तिसऱ्या पट्ट्यात आणि मधला पट्टा मोकळा. जुवाचं माप आणि पेरायच्या तिफणीच्या फणांचं माप असं एकमेकांत बसलं, तरच कोळपणी जमते. पेरताना वाकडी गेलेली ओळ पुढे दोन महिने त्रास देते.

(दृश्य : तीन कोळपी शेजारी शेजारी मांडलेली. कॅमेरा एकेका पासेवरून सरकतो.)

आता ही तीन कोळपी नीट पाहून घ्या. आमच्या या चित्रफितीचा जीव त्यांच्यातच आहे.

पहिलं फटीचं कोळपं. पासेच्या मधोमध फट आहे. पीक तीन आठवड्यांचं असताना हे चालवायचं. रोप कोवळं असतं, त्याला धक्का लागू न देता तण काढायचं असतं.

दुसरं पासेचं कोळपं. पास अखंड, साधारण फूटभर लांब. दीड फुटाच्या पट्ट्यात फूटभर पास चालली की दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहते आणि मुळ्या वाचतात. हे पाचव्या आठवड्यात.

तिसरं दातेरी कोळपं. पासेला करवतीसारखे दात. आठव्या आठवड्यापर्यंत जमीन इतकी आवळून येते की सपाट पास वरून घसरते, आत शिरत नाही. दात मात्र तिच्यात रुततात, कवच फोडतात आणि भेगा बुजवतात.

तीन आठवडे, पाच आठवडे, आठ आठवडे. फट, पास, दात. कोरडवाहू ज्वारीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हीच आहे. तिच्यामागे सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राचं फार जुनं काम आहे. 1923 मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, 1933 मध्ये सोलापूरला केंद्र उभं राहिलं. ओल कशी टिकवायची, किती खोल जायचं, कितव्या आठवड्यात कोळपायचं, यावर तिथे माणसांनी हयाती घातल्या. कोळप्याची पास बदलणं हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे त्या काळात मान्य होतं.

(दृश्य : घोड्याने ओढायच्या कल्टिव्हेटरची जुनी चित्रं.)

इथून थोडं लांब जाऊ. इंग्लंडमध्ये 18व्या शतकाच्या पूर्वार्धात जेथ्रो टल आग्रहाने सांगत होता की बी फेकू नका, ओळीत पेरा आणि ओळींमधून घोड्याने कोळपा. आपल्याकडे तिफण आणि कोळपं हे काम आधीपासून करत होते. पुढे अमेरिकेत या घोड्याच्या कोळप्यावर भराभर सुधारणा झाल्या. फिलाडेल्फियाच्या एस. एल. ॲलन कंपनीचं ‘प्लॅनेट ज्युनिअर’ घ्या. पुढे लहान चाक, त्यामुळे खोली ठरलेली. लोखंडी सांगाडा एका दांड्याने रुंद किंवा अरुंद व्हायचा, तोही काम चालू असताना. फाळ बदलता यायचे, कापायचे वेगळे आणि माती लावायचे वेगळे.

अशी अवजारं इथल्या सरकारी शेतांवरही आणून पाहिली गेली. पण घोडा आणि बैल यांत फरक आहे. एकटा घोडा दोन ओळींच्या मधून जातो, त्याच्या छातीवर आणि खांद्यावर पट्टा असतो आणि तो भरभर चालतो. त्या वेगाने वळवलेला फाळ माती उडवतो, ढेकूळ फोडतो. बैल जोडीने चालतात, जू मानेवर वशिंडापुढे असतं आणि वेग ताशी दोन-अडीच किलोमीटरचा. त्या चालीत तो फाळ नुसती चर काढत जातो. कमी खोलीवर, सावकाश, सपाट कापत जाणारी पास बैलाच्या चालीला आणि काळ्या मातीला जास्त मानवते.

ब्रिटिश सरकारने पाठवलेला कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर 1889 ते 1891 या काळात हिंदुस्थानभर हिंडला. आपल्या अहवालात त्याने इथल्या शेतकऱ्याच्या कौशल्याची मनापासून वाखाणणी केली, आणि सध्याच्या परिस्थितीत अवजारांच्या सुधारणेला फारसा वाव नाही असंही लिहिलं. पहिलं खरं होतं. दुसऱ्याचं उत्तर फार लांबून यायचं नव्हतं.

(दृश्य : किर्लोस्करवाडी. जुना लोखंडी नांगर.)

बेळगावात सायकलींचं दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असं तेव्हा लोक मानत. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. मग एकाने घेतला, दुसऱ्याने बांधावरून पाहिला, तिसरा विचारायला आला. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. या नांगराची गोष्ट पुष्कळदा सांगितली गेली आहे. आम्हाला तिच्यातलं एवढंच हवं आहे की शेतकरी लोखंडाला कायमचा नाही म्हणत नव्हता. आपल्या बैलाला ओढेल का आणि मोडलं तर गावात दुरुस्त होईल का, हे तो पाहत होता. आजही तो तेच पाहतो.

(दृश्य : जुनं लाकडी कोळपं आणि नवं लोखंडी, शेजारी शेजारी.)

डावीकडचं जुनं. बाभळीचं दिंड म्हणजे आडवा ठोकळा, त्यात ठोकलेली दोन जानवळी म्हणजे उभे दांडे, त्यांना खाली बसवलेली पास, वर हातात धरायचं रुमणं, पुढे लांब दांडी. सगळा जोड पाचरींवर. उन्हात लाकूड आकसलं की पाचर निसटते, पाऊस पडला की फुगून घट्ट बसते आणि निघता निघत नाही. पासेचा कल बदलायचा तर पाचर काढा, तासा, परत ठोका. भर कामात कोण करणार? म्हणून एकाच कलाने पूर्ण शेत उरकायचं.

उजवीकडे नवं. लाकडी दिंडाच्या जागी चौकोनी लोखंडी नळी. जानवळ्यांना भोकांची रांग. बोल्ट एका भोकातून काढून दुसऱ्यात घातला की पासेचा कल बदलतो. पान्हा खिशात असतो. बांधावर, बैल उभे असताना, पाणी पिऊन होईपर्यंत हे काम आटपतं.

दांडीलाही पुढे अशीच भोकं आहेत. जू पुढच्या भोकाशी बांधलं की दांडी आडवी होते आणि पासेचं टोक खाली झुकून खोल जातं. मागच्या भोकाशी बांधलं की दांडी उभी होते, पास वर येते. पूर्वी हे दोराच्या गाठीवर आणि अंदाजावर चालायचं. रुमण्यावर माणूस जोर द्यायचा, आणि माणूस दमला की खोली कमी. आता पुढे एक लहानसं चाक बसवलंय. खोली चाक सांभाळतं, माणसाने फक्त ओळ सांभाळायची.

(दृश्य : तीन पासांचा एकच सांगाडा शेतात चालतो आहे.)

आणि ही सगळ्यात मोठी सुधारणा. आधी एका जुवाला दोन-तीन सुटी कोळपी बांधत. प्रत्येकामागे एक माणूस. आता एका सांगाड्यावर तीन पासा. बैलांच्या पायाखालचे दोन पट्टे आणि मधला एक, असे तीन पट्टे एका खेपेत.

इथे हिशेब जमावा लागतो. बैलजोडी दिवसभर साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा जोर सोसते. 400-400 किलोचे दोन बैल धरले तर 80 किलो. अश्वशक्तीत मोजलं तर पाऊणच्याही आत. सांगाड्यात एक जाड नळी जास्त घातली की तेवढं ओझं वाढतं, धार बोथट झाली की त्याहून वाढतं. म्हणून लोहारदादा सांगाडा हलका करायच्या मागे लागलेत. नळी पातळ घेतात आणि ताण येतो तेवढ्याच जागी आतून पट्टी लावतात. तिसऱ्या कोळपणीला, जमीन कडक झाली की, एक पास उतरवून दोनच ठेवायची सोय आहे. बैलाची धाप बघून अवजार कमी करता येतं, असं अवजार मोठ्या कारखान्यातून क्वचितच येतं.

बैलाच्या अवजाराची मोठी कल्पनाही आपल्या शेजारीच साकारली होती. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत 1970च्या दशकात ‘ट्रॉपिकल्टर’वर पुष्कळ काम झालं. दोन टायरची चाकं, वर बसायला जागा, मागे एकच दांडा आणि त्याला नांगर, पेरायची पाभर, कोळपं काहीही जोडायचं. यंत्र म्हणून देखणं. किंमत मात्र साध्या अवजारांच्या कितीतरी पट, आणि शेतकऱ्यांनी ते फारसं उचललं नाही. याउलट राहुरीची दोन चाड्यांची, म्हणजे बी सोडायच्या दोन वाडग्यांची, पाभर रुजली. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. जुन्या पाभरीला एक चाडं जास्त, एवढाच बदल, पण खत बियाण्याच्या हाताशी ओलीत पडायला लागलं.

(दृश्य : शेताच्या टोकाला वळण. सांगाडा उचलून पुढच्या ओळींत.)

या सगळ्याचा परिणाम थोडक्यात. तीन माणसांचं काम एकावर आलं, मजुरी वाचली, आणि मागे चालणाऱ्या ज्या बायांना त्या दिवसांची मजुरी मिळायची ती गेली. गावात बैलजोड्याही कमी झाल्यात.

पण ज्यांच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू आहे आणि जोडी अजून दावणीला आहे, त्यांचं अवजार जिथे होतं तिथेच राहावं, हे आम्हाला मान्य नाही. उभ्या ज्वारीत, दीड फुटाच्या ओळींतून, मुळ्या न तोडता ओल राखायची तर खिलार जोडी आणि धारदार पास आजही तोडीस तोड काम करतात.

(दृश्य : लोहारशाळा. नळीत नळी सरकवून पाहताना.)

लोहारदादा सध्या या जोडणीवर अडलेत. ज्वारी दीड फुटावर, हरभरा एक फुटावर. दोन्हीला एकच सांगाडा चालावा म्हणून त्यांनी नळीत नळी घातलीय, आत-बाहेर सरकणारी. मापं जुळतात, पण मातीचे कण आत शिरले की नळी अडकते आणि हातोडीशिवाय हलत नाही. तोंडाशी रबराची चकती लावून पाहिली, ती उन्हात तडकली. आता ते नळी काढून उघड्या पट्टीवर खाचा पाडताहेत, माती आपोआप झडून जावी म्हणून.

सुट्या पासा एकाच मापाच्या भोकांच्या असाव्यात, म्हणजे एका गावची पास दुसऱ्या गावच्या कोळप्याला बसेल. तालुक्याच्या बाजारात बोल्टबरोबर त्या मिळाव्यात. विद्यापीठाच्या अवजारांचे नकाशे मराठीत, मापांसकट, लोहारशाळेच्या भिंतीवर लावता येतील असे छापले जावेत. आणि इथे पाडलेल्या या खाचांचं माप घ्यायला तिथून कुणीतरी टेप घेऊन यावं. पुढच्या हंगामाची पेरणी सप्टेंबरात आहे, कोळपणी त्यानंतर तीन आठवड्यांनी.