क्लच : पान्याआधी पट्टी

क्लच सरकतोय (इंजिन फिरतं, पण गाडी तेवढी ओढत नाही) म्हटलं की गिअरबॉक्स खाली उतरवायची घाई होते. त्याआधी पाच मिनिटं पेडलजवळ खाली वाका आणि स्टीलची पट्टी लावा. पेडल बोटाने हलकेच दाबलं की सुरुवातीला ते मोकळं जातं, मग जोर लागायला लागतो. त्या मोकळ्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. क्लच केबलने चालतो अशा बऱ्याच गाड्यांत तो १० ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती) झिजली की फ्री प्ले वाढत नाही, कमी होतो. प्लेट पातळ झाल्यावर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाकडे) सरकते, तिच्यावरच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) रिलीज बेअरिंगच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर त्या बोटांना ढकलून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगच्या, दिशेने बाहेर येतात आणि मधली फट संपते. फट संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांवर दाब देत राहतं. म्हणजे क्लच सतत थोडासा दाबलेलाच. मग तो सरकणार, तापणार, वास मारणार. अशा वेळी केबल ताणायची नसते, सैल करायची असते. क्लच सरकला म्हणून केबल आणखी आवळणं हा प्लेट लवकर संपवायचा खात्रीचा उपाय आहे.

उलट केबल सैल पडली तर फ्री प्ले वाढतो, पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही (इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत) आणि गिअर पडत नाही. तपासायचं असं : इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच सुटत नाहीये. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल, तर दोष गिअर लिंकेजमध्ये (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत) किंवा गिअरबॉक्समध्ये शोधा.

जुळवणी इंजिन बंद ठेवून, थंड असताना करा. बहुतेक गाड्यांत केबलचं टोक गिअरबॉक्सवरच्या फोर्कच्या (रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या फाट्याच्या) दांड्याला येतं. आटे ब्रशने साफ करा, तेल सोडा. केबलचं टोक प्लायरने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर केबलही पिळते. लॉक नट सोडा आणि ॲडजस्टिंग नट एका वेळी अर्धा फेराच फिरवा : फोर्कपाशी दोन-तीन मिलिमीटर म्हणजे पेडलला पंधरा-वीस होतात. पाच-सहा वेळा पेडल मारा, पुन्हा मोजा, मगच लॉक नट आवळा. शेवटी रिव्हर्सची चाचणी करा.

आज जुळवलं आणि दोन दिवसांत पुन्हा सैल? मग केबलच्या तारा एकेक करून तुटताहेत. पेडलच्या बाजूचं टोक बघा, तिथे उसवलेल्या तारा बोटाला टोचतील. केबल बदला.

फ्री प्ले बरोबर असूनही सरकत असेल, तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, चौथा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर पकड शाबूत. बंद न पडता फिरत राहिलं तर प्लेट गेली किंवा तिला तेल लागलं. चाचणी एकदाच, दोन सेकंदांत. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन भागत नाही. आधी गळका ऑइल सील बदला, मग प्लेट.

हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या) क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे रोजची जुळवणी नसते. पेडल स्पंजासारखं लागलं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडायला लागला, तर लाइनमध्ये हवा आहे. ब्लीडिंग करा (ती हवा बाहेर काढा), पण फ्लुइड कमी का झालं तेही शोधा. झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच फ्लुइड घाला. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उतरतो.

प्लेट बदलायचीच वेळ आली, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही सोबतच बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, ती पुन्हा द्यावी लागणार नाही. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध बसवा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (प्लेट जिथे बसते त्या खाचांना) ग्रीसचा पातळ हातच पुरे, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं. आणि गिअरबॉक्स वर चढवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका, जॅकवरच तोलून धरा. त्या वजनाने प्लेटचा हब (मधला भाग) वाकतो आणि नवीकोरी प्लेट टाकूनही रिव्हर्सची खरखर तशीच राहते.